कर्बाचा निसरडेपणा

शिसपेन्सिलीच्या टोंकाची भुकटी बोटांत चोळली तर ती किती गुळगुळीत लागते, हें शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असतें. ही भुकटी शिशाची नसून ग्राफाइट नांवाच्या कर्बाची असते. कर्बाचा हा निसरडेपणा उपजतच आहे, अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. ती कशी ढळली, याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

घर्षणाचे नियम जुने आहेत. घर्षण भाराच्या प्रमाणांत वाढतें, पृष्ठभागाच्या दृश्य विस्तारावर तें अवलंबून नसतें, असें ग्योम आमोंतों यांनीं १६९९ मध्यें पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें मांडलें. परंतु वंगणानें घर्षण कां घटतें, हें या नियमांवरून उमगत नव्हतें. तेलाचा दाट थर असला तर दोन पृष्ठभाग परस्परांस भिडतच नाहींत, हें उघड आहे. पण तो थर पिळून निघून गेल्यावरही उरलेलें तेल काम करतें, तें कसें? १९२२ मध्यें विल्यम हार्डी व ईडा डबलडे यांनीं दाखविलें कीं, पृष्ठभागास चिकटलेला रेणूंचा अत्यंत पातळ थरही पुरेसा होतो. आणि रेणूची सांखळी जितकी लांब, तितकें घर्षण कमी.

ग्राफाइटला मात्र अशा साह्याची गरज नाहीं, असें वाटत होतें. १९२४ मध्यें जे. डी. बर्नाल यांनीं क्ष-किरणांच्या योगें त्याची रचना उलगडली. कर्बाच्या अणूंचे सपाट थर पत्त्यांच्या जुडीसारखे एकावर एक रचलेले! पत्त्यावरून पत्ता सरकतो, तसा थरावरून थर सरकणार. मग बाहेरचें वंगण कशाला?

या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या महायुद्धांत आकाशांत मिळालें. विमानें २०,००० फुटांहून उंच उडूं लागलीं, तेव्हां त्यांच्या विद्युत्-जनित्रांतील कर्बाचे ब्रश पाहतां पाहतां झिजून त्यांची धूळ होऊं लागली. जमिनीवर दीर्घकाळ टिकणारी वस्तु तेथें कांहीं तासांत निकामी होई. आणि जनित्र थांबलें कीं विमानाची वीज थांबे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत आर. एच. सॅव्हेज यांनीं निर्वात पात्रांत हाच प्रकार घडवून पाहिला व १९४८ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निर्वातांत ग्राफाइटचें घर्षण एकदम वाढे व तें झपाट्यानें झिजे. पाण्याची किंचित् वाफ आंत सोडतांच तें पूर्ववत् निसरडें होई. उंचावरील विरळ, कोरड्या हवेंत तें बाष्पच नव्हतें!

कर्बाच्या अणूस चार हात असतात, असें समजा. थरांच्या कडांवर त्यांतील कांहीं मोकळे राहतात आणि समोरच्या पृष्ठभागास पकडूं पाहतात. पाण्याचे रेणु या हातांना गुंतवून ठेवतात, म्हणून पकड सुटते.

पुढें १९८७ मध्यें कॅलिफोर्नियांत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधकांनीं टंगस्टनची सूक्ष्म सुई ग्राफाइटवरून फिरवून अणूगणिक बदलणारें घर्षण मोजलें. आज यंत्रांच्या भागांवर हिऱ्यासारख्या कठीण कर्बाचा लेप देतात. तेथेंही हेंच घडतें. घासतांना वंगणाचे कांहीं रेणु फुटतात, त्यांचे अंश मोकळ्या हातांस बिलगतात, आणि असे दोन तृप्त पृष्ठभाग एकमेकांस धरून न ठेवतां सहज सरकतात. संगणकाच्या चुंबकीय तबकडीवरील कर्बलेपावर तर वंगणाचा थर असतो सुमारे एका नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा.

तात्पर्य, निसरडेपणा हा एकट्या कर्बाचा गुण नव्हे. तो कर्बाच्या व त्याच्या शेजाऱ्याच्या सहवासाचा गुण आहे. जमिनीवर हवा ही सेवा मुकाट्यानें करीत होती, म्हणून ती कोणाच्या ध्यानीं आली नाहीं.