टोनी आयोमी : दोन बोटांची कहाणी

इंग्लंडच्या मध्यभागीं वसलेलें बर्मिंगहॅम हें शहर लोखंडाचें, पत्र्याचें आणि यंत्रांचें. ज्या पाश्चात्य संगीतप्रकारास ‘हेवी मेटल’, म्हणजे जड धातूचें संगीत, असें नांव पडलें, त्याचा उगम याच शहरांत व्हावा, हा केवळ योगायोग नव्हे. त्या संगीताचा स्वभाव कसा बनला याचा शोध घेऊं लागल्यास एका तरुण कामगाराच्या दोन बोटांपाशीं येऊन थांबावें लागतें.

टोनी आयोमीचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८ रोजीं याच शहरांत, इटालियन वंशाच्या कुटुंबांत झाला. तो डावखुरा, त्यामुळें गिटारीच्या तारा दाबण्याचें काम त्याच्या उजव्या हाताकडे असे. १९६५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, एका वाद्यवृंदाबरोबर परदेशीं जाण्याची संधी चालून आली आणि त्यानें पत्र्याच्या कारखान्यांतील नोकरी सोडली. नोकरीचा तो शेवटचा दिवस. दुपारीं जेवावयास घरीं आलेला टोनी परत जाण्यास नाखूष होता; परंतु पत्करलेलें काम पुरें केलेंच पाहिजे, असें आईनें बजावलें. एक कामगार गैरहजर असल्यामुळें त्या दिवशीं त्याला संवय नसलेल्या दाबयंत्रावर बसविलें होतें. यंत्र खालीं आलें आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचें व अनामिकेचें टोंक तुटून गेलें. आतां वादन विसरावें, असा डॉक्टरांचा सल्ला पडला.

निराश होऊन घरीं बसलेल्या या मुलाला कारखान्यांतील त्याच्या वरिष्ठानें एक ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली. ती जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची होती. १९२८ सालीं गाडींतील आगींत जँगोच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं होतीं, आणि उरलेल्या बोटांवर त्यानें सर्व युरोपांत कीर्ति मिळविली होती. सांत्वनाच्या शंभर शब्दांनीं जें झालें नसतें, तें त्या एका तबकडीनें केलें.

यापुढचा भाग कारागिराचा आहे. आयोमीनें प्लॅस्टिकची एक बाटली वितळविली, तिचीं बोटांना बसतील अशीं टोपणें बनविलीं, आणि तार निसटूं नये म्हणून जुन्या जाकिटाचें कातडें त्यांवर चिकटविलें. टोपणाखालीं तारेचा स्पर्श कळेना; तेव्हां दाब किती द्यावा हें कानानेंच ठरवावें लागे. गिटारीच्या जाड तारा झेपेनात, म्हणून त्यानें बँजोच्या हलक्या तारा लावून पाहिल्या. पुढें १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं त्यानें कांहीं गीतांसाठीं तारा दीड स्वरानें उतरविल्या. ताण कमी झाला, बोटांना सोसवूं लागलें. आणि जो खर्जांतील भारदस्त घोष निर्माण झाला, तोच या संगीताची ओळख होऊन बसला.

तत्पूर्वीं ओझी ऑझबर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड या गांवकरी सोबत्यांसह त्यानें काढलेल्या वृंदाला १९६९ सालीं ‘ब्लॅक सॅबथ’ हें नांव मिळालें होतें. त्याच नांवाच्या गीतांत आयोमीनें षड्जावरून तीव्र मध्यमावर जाणारी संथ स्वरावली योजिली. या अंतराला जुने युरोपीय संगीतज्ञ ‘संगीतांतील सैतान’ म्हणत. पहिली ध्वनिमुद्रिका एकाच दिवसांत मुद्रित झाली व १३ फेब्रुवारी १९७० रोजीं बाहेर पडली. टीकाकारांनीं नाकें मुरडलीं. श्रोत्यांनीं ती उचलून धरली.

आरंभीं ध्वनिमुद्रणाचीं सूत्रें इतरांच्या हातीं होतीं; हळूहळू आयोमी स्वतःच यंत्रासमोर बसूं लागला. १९७६ सालीं मायामी येथें ‘टेक्निकल एक्स्टसी’ तयार होत असतां सोबती समुद्रकिनाऱ्यावर आणि तो मुद्रणगृहांत, असा प्रकार चाले. निर्मात्याला सूर जुळवितां येतात, माणसें जुळवितां येतातच असें नाहीं. १९७९ सालीं ऑझबर्नला वृंदांतून काढून टाकण्यांत आलें. गायक आले आणि गेले, वादक बदलले. १९८९ ची ‘हेडलेस क्रॉस’ व १९९० ची ‘टिर’ यांची निर्मिति आयोमीनें ढोलवादक कोझी पॉवेलच्या साहाय्यानें केली. पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत वृंदांत टिकून राहिला तो मात्र एकटा आयोमी.

२०१२ च्या प्रारंभीं त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. उपचार चालू असतांनाच ऑझबर्न व बटलर यांच्यासह त्यानें ‘थर्टीन’ ही ध्वनिमुद्रिका पुरी केली; २०१३ सालीं ती इंग्लंड-अमेरिकेंत अग्रस्थानीं पोंचली. ५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर चौघे मूळ सोबती पुन्हां एकत्र उभे राहिले. त्यानंतर सतराच दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, ऑझबर्न निवर्तला.

अपघात कलावंत घडवीत नाहीं. तसें असतें तर कारखान्यागणिक एक कलावंत निपजला असता. हानीचा हिशेब मांडीत न बसतां, उरलेल्या सामग्रीला काय साधेल हें जो चिकाटीनें शोधतो, त्याच्याच हातून नवा सूर निघतो. पुरें कर म्हणून आईनें ज्याला परत धाडलें, त्या मुलानें काम पुरें केलें तें असें.