शस्त्र आणि अभय

शस्त्र हाती असले म्हणजे मनुष्य निर्भय होतो, ही समजूत फार जुनी आहे. आणि जुनी आहे म्हणूनच तिची परीक्षा सहसा कोणी घेत नाही. स्वप्रांतापासून दूर, ग्वाल्हेर, जबलपूर, लखनौ अशा ठिकाणी जिल्ह्याच्या कचेऱ्यांतून काम केलेल्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या हातांखालून बंदुकीच्या परवान्याचे अर्ज गेले असतील. 'आत्मसंरक्षणार्थ' हा शब्द त्या अर्जांत हटकून असतो. त्या एका शब्दामागे दीडदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला मानाचा : सामान्य माणसास शस्त्र बाळगण्याचा अधिकार असावा की नाही? दुसरा संरक्षणाचा : ते बाळगल्याने तो खरोखर अधिक सुरक्षित होतो की नाही? या दोहोंची फारकत करून पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहो.

प्रथम वाटेवरचा प्रवासी घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील वाटांवर निःशस्त्र मनुष्य विरळाच आढळे. ढालतलवार ही पागोट्याइतकीच पोशाखाचा भाग होती, आणि व्यापाऱ्यांचे तांडे बरकंदाज बरोबर घेतल्यावाचून निघत नसत. असे असूनही वाटा निर्भय नव्हत्या. ठगांच्या हातून किती माणसे मेली याविषयी आजच्या इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत; स्लीमन व त्याचे सहकारी यांनी दिलेले आकडे पुष्कळांना फुगविलेले वाटतात. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. रजेवर घरी निघालेले कंपनीचे शिपाई, म्हणजे शस्त्र चालविणे हाच ज्यांचा धंदा असे लोक, वाटेत नाहीसे होत. 1810 साली मेजर जनरल सेंट लेजर याने शिपायांना सावध करणारा एक हुकूम काढला. त्यातील उपदेश लक्षात ठेवण्याजोगा आहे. अधिक शस्त्रे घेऊन जा, असे त्यात सांगितलेले नाही. वाटेत गाठ पडलेल्या अनोळखी सोबत्यांवर विश्वास टाकू नका, पहाटेच्या अंधारात मुक्काम हलवू नका, आणि साठविलेला पगार रोख नेण्याऐवजी सरकारी खजिन्यावरची हुंडी घ्या, असा तो उपदेश होता.

या हुकमाचे मर्म उघड आहे. ठगाचे हत्यार रुमालाएवढे असे. पण तो प्रथम प्रवाशाचा स्नेह संपादन करी, आणि स्नेहापुढे कमरेची तलवार म्यानातच राहत असे. हल्ल्याची वेळ हल्लेखोर निवडतो, बचाव करणारा निवडीत नाही. एकट्याच्या शस्त्राचे हे मूळचे दौर्बल्य आहे. पुढे ठगीचा मोड झाला तो माफीचे साक्षीदार, टोळ्यांच्या वंशावळी, 1836 चा कायदा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांचा परस्पर पत्रव्यवहार यांच्या बळावर. 1880 साली टपालखात्याने मनीऑर्डरचे काम हाती घेतले, तेव्हा परगावी राबणाऱ्या गरिबालाही कमरेला रोख न बांधता घरी पैसे धाडण्याची सोय झाली. त्या कागदाच्या चिटोऱ्याने जितक्या माणसांची वाट निर्धास्त केली, तितक्यांची तलवारीने केली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या देशावरील खेड्यांची रीतही हेच सांगते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याच्या कामाचे वर्णन आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढावा. माग शिवेपलीकडे गेला तर तो पुढच्या गावाच्या स्वाधीन करावा. आणि ज्या गावात माग संपेल त्या गावाने नुकसान भरून द्यावे, अशी ही पद्धत होती. रामोशी व जागले यांच्याजवळ शस्त्रे असत यात शंका नाही. पण गावाला झोप लागे ती या सामुदायिक जबाबदारीमुळे. ती व्यवस्था ढिली झाली आणि रखवालदारांची वतने व हक्क बुडाले, तेव्हा त्याच रखवालदारांतून उमाजी नाईकासारखे पुरुष बंड करून उठले. शस्त्र तेच, हातही तेच. त्यांच्याभोवतीचा करार तेवढा मोडला होता.

आता मानाच्या प्रश्नाकडे वळू. 1857 च्या उठावानंतर अयोध्या प्रांतात शेकडो गढ्या जमीनदोस्त करण्यात आल्या आणि जमा झालेल्या बंदुकांची गणती लाखाच्या पुढे गेली. त्यानंतर वीस वर्षांनी, लॉर्ड लिटनच्या अमदानीत, 1878 चा हत्यारांचा कायदा आला. परवान्याची अट हिंदी माणसाला. युरोपियनांना मात्र सूट. हा पंक्तिभेद सुशिक्षितांच्या मनास डागण्या देऊन गेला, आणि 1887 साली मद्रासच्या अधिवेशनात राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. आपल्याच देशात एका सबंध राष्ट्राला अविश्वासपात्र ठरविणे हा अपमान होता, आणि त्याविरुद्धची तक्रार सोळा आणे न्याय्य होती.

त्या तक्रारीबरोबर संरक्षणाचाही मुद्दा मांडला जाई : बंदुका गेल्याने शेतकरी श्वापदांच्या तोंडी पडला. त्यात तथ्य होते. रानडुकरांनी पीक फस्त केले म्हणजे कुणब्याचे वर्ष बुडते. पण त्या काळचे सरकारी आकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. दरसाल वाघबिबळ्यांसारख्या पशूंनी मारलेली माणसे अडीचतीन हजारांच्या घरात असत, तर सर्पदंशाने मेलेली वीस हजारांच्या आसपास. सापापुढे बंदूक काय करणार? ज्याचे भय वाटते आणि ज्याने मरण येते, त्या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या असतात, हा धडा आम्हांस या कोष्टकांतून मिळतो.

राष्ट्रसभेच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला होता. त्याच ठरावाचा आधार घेऊन घटनासमितीत डिसेंबर 1948 मध्ये हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत यावा अशी दुरुस्ती सुचविली. कामत हे सनदी नोकरीचा राजीनामा देऊन देशकार्यात पडलेले गृहस्थ. तेव्हा परवान्याच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. परकी सत्ता असताना त्या मागणीला अर्थ होता. आता देशरक्षणासाठी शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, सरसकट हक्क मानू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मानाचा प्रश्न स्वातंत्र्याने सुटला होता. उरला तो केवळ संरक्षणाचा, हे त्यांनी अचूक हेरले. 1959 च्या नव्या कायद्याने परवाना कायम ठेवला. मात्र पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याची गरज त्यात वेगळी ओळखली गेली.

संरक्षणाच्या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती चंबळेच्या खोऱ्यात. शिंद्यांच्या जुन्या राज्यातील भिंड व मुरैना हे जिल्हे आमच्या अनेक वाचकांना नोकरीनिमित्त परिचित असतील. तेथे बंदूक हा घराण्याच्या प्रतिष्ठेचा दागिना. परंतु दरोडेखोरांच्या टोळ्यांना हत्यारे लागत, आणि ती पोलिसांप्रमाणेच परवानाधारकांकडूनही हिसकावली जात. घरातली बंदूक अशा रीतीने घराचे रक्षण करण्याऐवजी चोराला आमंत्रण देई. भाऊबंदकीतल्या शेताच्या बांधावरून एक गोळी सुटली की मारणारा बीहडात पळे, मेलेल्याचा मुलगा सूडासाठी बंदूक मिळवी, आणि एका तंट्यातून दोन बागी निपजत. मानसिंग 1955 साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडला, तरी टोळ्या संपल्या नाहीत. 1960 साली विनोबांपुढे सुमारे वीस जणांनी हत्यारे ठेवली. एप्रिल 1972 मध्ये जौरा येथे जयप्रकाशांच्या उपस्थितीत माधोसिंग, मोहरसिंग आदिकरून मोठ्या टोळ्यांनी शरणागती पत्करली. पोलिसांचा दबाव त्यामागे होताच. पण खोऱ्याला काहीसा निवांतपणा लाभला तो बंदुका खाली ठेवल्या गेल्या तेव्हा.

मानाचे वेड मात्र गेले नाही. 2008 साली शिवपुरी जिल्ह्यात पुरुषांनी नसबंदी करून घ्यावी म्हणून बंदुकीच्या परवान्याचे आमिष दाखविण्यात आले. पौरुष कमी होईल या भीतीवर बंदूक हा उतारा! लग्नाच्या वरातीत आनंदाने झाडलेल्या गोळ्यांनी इतके वऱ्हाडी मेले की 2019 च्या दुरुस्तीने अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली.

यावर कोणी कोडगूचे उदाहरण देईल, आणि ते उचितच होईल. कोडवांना 1861 पासून हत्यारांच्या कायद्यातून सूट आहे. कैलपोढच्या सणाला ते शस्त्रांची पूजा करतात, मुलगा जन्मला की एक बार काढतात आणि कोणी निवर्तले की दोन. परंतु ती बंदूक कूळ, जमीन आणि विधी यांना बांधलेली आहे. शेजाऱ्याच्या भयाने ती भिंतीवर आलेली नाही. जेथे समाजाची घडी शाबूत आहे तेथे शस्त्र निमूट राहते. घडी विसकटलेली असेल तर तेच शस्त्र ती बसवून देत नाही.

आमच्या मते इतिहासाचा कौल असा आहे. रानडुकरांनी गांजलेला शेतकरी किंवा पोलीसठाण्यापासून दिवसभराच्या वाटेवर राहणारा एकांडा रहिवासी यांची मागणी खरी असू शकते, आणि तिला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याने ती विचारपूर्वक पाहिली पाहिजे. परंतु एरवी भ्यालेला मनुष्य जेव्हा बंदूक मागतो, तेव्हा तो वस्तुतः न आलेल्या पोलिसाची, न लागलेल्या निकालाची आणि न तुटलेल्या भाऊबंदकीची तक्रार करीत असतो. परवाना देऊन ती तक्रार निकालात निघत नाही. ती फक्त त्याच्या खांद्यावर टाकली जाते. अर्जावर सही होवो अथवा न होवो, त्या गावचे ठाणे जागे आहे काय आणि बांधाचा तो दावा किती वर्षे पडून आहे, हे दोन प्रश्न त्याच दिवशी विचारले जावेत. अर्जदाराने मागितलेले अभय त्या दोन उत्तरांत आहे.