पानशेत: अपुऱ्या कामाची किंमत

१२ जुलै १९६१ रोजी पुणे बुडाले, त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणणे कठीण आहे. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पुरे होण्याआधीच त्यात पावसाळ्याचे पाणी साठू दिले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. भराव खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटले आणि असंख्य जीव वाचले. खाली खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातील दगडी धरण होते. विश्वेश्वरय्यांची स्वयंचलित दारे तेथे १९०३ साली बसली, ती मुठेच्या पुराचा अंदाज घेऊन. वरचे अख्खे धरण अंगावर येईल, हे त्या हिशेबात नव्हते. तेही फुटले. अडवण्याआधी सोडण्याची सोय हवी, हा धडा पुण्याला घरादारांच्या किमतीत मिळाला.