रानात न्यायची वही

हिंडता हिंडता टिपायची वही आणि घरात मांडी घालून लिहायची वही या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीला ऊन, धूळ, घामेजलेले हात आणि अवेळी आलेली सर सोसावी लागते. ती उभ्याने, एका तळव्यावर तोलून उघडता यावी लागते आणि तिच्यात अक्षराइतकीच आकृतीलाही जागा लागते. छायाचित्रे आणि रेखाटने करत रानोमाळ फिरणाऱ्याने आज अशी वही निवडायला घेतली, की कागद कोणता, आकार केवढा, बांधणी कशी आणि लिहायचे कशाने, हे जुनेच प्रश्न पुढे येतात. विदर्भाने त्यांची वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांतली काही फार मोलाची उत्तरे वर्धा–आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावापासून दिवसभरात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर घडली.

आर्वी मागे टाकून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. महानुभाव पंथाचे रिद्धपूर त्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्या पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या एका जागी बसून नव्हे. ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्यासोबत जे चालले होते, त्यांना गाठून आणि विचारून त्यांनी एकेक लीळा मिळवली, नागदेवाचार्यांकडून ताडून घेतली आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोण समोर असताना काय घडले, हे त्यात बारकाईने सांगितलेले असते. याच परंपरेतली ‘स्थानपोथी’ आणखी पुढे जाते. स्वामी जिथे जिथे गेले त्या जागांचे वर्णन करताना देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, कोणती जागा कशाच्या शेजारी, एवढे सांगूनच ती थांबते. मराठीत स्थळाची नोंद स्थळाशी इमान राखून करण्याचा इतका जुना नमुना दुसरा दाखवता येणे कठीण आहे. पंथाची पुष्कळ हस्तलिखिते सुट्या पानांच्या पोथीसारखी नसून वहीसारखी शिवलेली असतात. सतत फिरतीवर असणाऱ्या माणसांच्या हाती ही बांधणी शोभणारी होती. सुटी पाने वाऱ्यावर जातात, शिवलेली जात नाहीत.

हस्तलिखितांसाठी आणि दरबारी लिखाणासाठी लागणारा कागद महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन ठिकाणांच्या नावाने ओळखला जाई, दौलताबादी आणि जुन्नरी. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी घराण्यांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालवला. त्याचा आरंभ तिथली परंपरा मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली त्या काळाशी जोडते. जुन्या चिंध्या, ताग, दोरखंडाचे तुकडे चुन्यात भिजवून, कुटून, धुऊन त्यांचा लगदा करायचा. पाण्याच्या हौदात तो ढवळून साच्यावर एकेक ताव उचलायचा आणि ओला ताव चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवायचा. वाळलेला ताव टीपकागदासारखा शाई पिऊन टाकतो, म्हणून त्याला खळ द्यायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटलेल्या कागदावर बोरू अडत नाही, रेघ फुटत नाही. चोवीस तावांचा एक दस्ता हे माप दुकानदारांच्या तोंडी अलीकडेपर्यंत होते.

खळीला एक दोष होता. ती पिठाची असल्यामुळे कसरीला आणि वाळवीला आमंत्रणच. त्यावर उपाय म्हणून हरताळ हे पिवळे, विषारी खनिज वापरत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप देऊन ते झाकत आणि वाळल्यावर त्यावरच दुरुस्ती लिहीत. मराठीतला ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार इथूनच आला. शाई काजळी आणि डिंकाची. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, उन्हाने तो विटत नाही. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद आजही काळेभोर दिसतात. पाणी मात्र या शाईला सोसत नाही, कारण डिंक विरघळतो. रानातल्या वहीत शिसपेन्सिल टिकून राहिली ती याच कारणाने. शिसपेन्सिलीची खूण दमट कागदावरही उमटते आणि पावसाने फुटत नाही.

इंग्रजी अमलात दोन नव्या सवयी आल्या. पहिली मोजणीदाराच्या फील्डबुकाची. साखळीने जमीन मोजणारा माणूस आपल्या वहीच्या पानाच्या मधोमध उभ्या दोन रेघा मारतो. तो पट्टा म्हणजे त्याची चाल. नोंदी पानाच्या तळापासून वर चढत जातात, कारण तो स्वतः पुढे चाललेला असतो. डाव्या हाताला विहीर दिसली तर तिचे अंतर आणि छोटी खूण पट्ट्याच्या डावीकडे, उजवीकडे धुरा किंवा झाड असेल तर उजवीकडे. पान चालणाऱ्याच्या अंगाप्रमाणे मांडलेले असल्याने गोंधळाला वाव राहत नाही. अशी वही लांबट, हातात मावणारी आणि टणक पुठ्ठ्याची असते. लिहिण्यासाठी टेबल मिळणार नाही, हे गृहीत धरूनच ती केलेली असते. छायाचित्रकाराला नदीकाठाने किंवा गावातून एका दिशेने जात टिपणे घ्यायची असतील, तर या मांडणीपेक्षा सोयीची दुसरी मांडणी सापडत नाही.

दुसरी सवय जागेवर जाऊन चित्र काढण्याची. पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी १७९० च्या दशकात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी वेरूळची लेणी रेखाटली. लेण्यांबरोबरच त्यांनी पहिलवान, माणसे आणि जनावरेही चितारली. त्यांची चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अर्ध्या शतकानंतर मद्रास फौजेतले अधिकारी रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आले. १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी त्या डोंगरात काढली. त्यांच्या बहुतेक मोठ्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पण तोवर गिल कॅमेऱ्याकडे वळले होते. त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि लोणारची छायाचित्रे घेतली आणि १८६४ मध्ये त्यांतली काही पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. रेखाटन आणि छायाचित्र ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच जागी करण्याचे या भागातले हे ठळक उदाहरण आहे.

मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. त्या वेळच्या काचेच्या ओल्या प्लेटवर रसायन ओतून ती वाळायच्या आत चित्र घ्यावे आणि धुवावे लागे, म्हणजे काळोखी राहुटी सोबतच न्यावी लागे. प्लेटवर स्थळ, तारीख, प्रकाश, वेळ यांतले काहीही आपोआप उमटत नसे. क्रमांक घालून वहीत लिहिले तेवढेच उरे. पुढे फिल्म आली तरी ही गरज सरली नाही. रोल कितवा, चित्र कितवे, छिद्र किती उघडले, ऊन होते की ढग, ही टिपणे हातानेच ठेवावी लागत आणि ती नीट नसतील तर वर्षभराने हाती आलेल्या निगेटिव्हचा गाव ओळखणेही दुरापास्त होई.

वर्ध्याच्या नोंदवहीचा सर्वांत भारदस्त अध्याय मात्र कॅमेऱ्याचा नसून कागदाचा आहे. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि घर त्यासाठी दिले आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्रज्ञ होते. तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ, मधमाशापालन यांच्या बरोबरीने हातकागदाला इथे प्रयोगाचे आणि प्रशिक्षणाचे स्थान मिळाले. कुमारप्पांचा विचार सरळ होता. जो माल गावात टाकाऊ पडतो, चिंध्या, रद्दी, पिकांचे तंतुमय अवशेष, त्यातून गावाच्या हाताला काम देणारी आणि गावालाच लागणारी वस्तू व्हावी. कापसाच्या जिल्ह्यात चिंध्यांचा तुटवडा पडणार नव्हता. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात या उद्योगांची अवजारे आणि वस्तू लोकांना पाहायला मिळू लागल्या. त्याच काळात, १९३७ मध्ये, कागदाचे अमेरिकन अभ्यासक डार्ड हंटर भारतातल्या हातकागदाचा शोध घेत फिरले आणि १९३९ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ काढला. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. जयपूरजवळच्या सांगानेरची राष्ट्रीय हातकागद संस्था आज कुमारप्पांच्याच नावाने ओळखली जाते.

हातकागद वहीसाठी कसा, याचे उत्तर त्याच्या धाग्यांत आहे. कापसाच्या चिंध्यांचा तंतू लांब असतो. ताव पुन्हापुन्हा दुमडला, खोडरबराने घासला, घामाने ओला झाला तरी तो सहजी फाटत नाही. कडा ओबडधोबड राहते, पृष्ठभागावर हलकी खरखर असते आणि पेन्सिल व कोळसा तिला छान धरतात. खळ पुरेशी नसेल तर शाई मात्र पसरते, म्हणून हातकागदाची वही घेताना कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहणे हीच खरी कसोटी. त्याची जाडी आणि पोत तावागणिक बदलतात, हे गैरसोयीचे आहे. पण चित्र काढणाऱ्याला ते सहसा खुपत नाही.

गांधीजी १९३६ मध्ये मगनवाडीतून शेगावला गेले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथे आश्रमातले तरुण कनू गांधी यांच्या हाती कॅमेरा आला. त्यासाठी घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले होते. गांधीजींनी तीन अटी घातल्या, फ्लॅश वापरायचा नाही, आपल्याला नीट उभे राहा म्हणून सांगायचे नाही आणि खर्च आश्रम करणार नाही. या अटींखाली १९३८ ते १९४८ या काळातली कनू गांधींची छायाचित्रे घडली. मिळेल तो उजेड, घडेल ते दृश्य आणि मोजकी फिल्म. मातीच्या भिंती, खिडकीतून तिरपा आलेला प्रकाश आणि बसलेली माणसे त्यांत दिसतात. समोरच्याला हलवायचे नाही म्हटल्यावर छायाचित्रकाराला थांबावे लागते. प्रकाश कधी कुठून येतो हे डोक्यात ठेवावे लागते, नाहीतर कागदावर.

स्वातंत्र्यानंतर विदर्भातल्या वह्या प्रामुख्याने गिरणीच्या कागदावर आल्या. बल्लारपूरची कागद गिरणी चंद्रपूरच्या जंगलातल्या बांबूवर उभी राहिली. गिरणीचा कागद स्वस्त, एकसारखा आणि लेखणीला मऊ. पण जुन्या गिरणी कागदाला राळ आणि तुरटीची खळ असे. तिच्या आम्लाने तो काही दशकांत पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. साध्या शाळकरी वहीचा कागद दर चौरस मीटरला साठेक ग्रॅमचा. पेन्सिल आणि बॉलपेन तो झेलतो, पाणी लागले की सुरकुततो. जलरंग भरायचे असतील तर दोनशे ग्रॅमच्या पुढे जावे लागते. शाई आणि पेन्सिलींच्या बाबतीत मराठी घरात दांडेकरांचे नाव पहिले येते. १९३१ मध्ये त्यांनी शाईपासून धंदा सुरू केला आणि पुढे तोच कॅमलिन झाला.

वह्या-पेन्सिलींच्या दुकानांत आणखी एक वही मिळते, जिला फारसा मान मिळत नाही, पण रानातल्या टिपणांसाठी तिच्याइतकी योग्य वही क्वचितच असेल. ती म्हणजे विज्ञानाची प्रयोगवही, एका बाजूला कोरे पान आणि समोर रेघांचे. डावीकडे आकृती, उजवीकडे वर्णन. बेडकाचे हृदय किंवा कांद्याच्या सालीतल्या पेशी काढायला केलेली ही रचना पक्षी, पीक, देऊळ, हातमाग, काहीही टिपायला उपयोगी पडते. तिचा मोठा आकार ही एकच अडचण, आणि तीही दुकानदाराकडून मधोमध कापून, नव्याने शिवून घेतली की दूर होते. शिलाई फर्म्यांची असावी. पिन मारलेली किंवा नुसती चिकटवलेली वही मे महिन्याच्या उन्हात, पारा पंचेचाळिसांवर गेला की पाने सोडू लागते. वर मेणकापडाचे वेष्टन आणि एक दोरी, एवढे पुरते.

डिजिटल कॅमेरा तारीख, वेळ, छिद्र आणि गती आपणहून नोंदवतो, त्यामुळे वहीचे हे काम सुटले. उरले ते कॅमेऱ्याला न दिसणारे. आंजीच्या शिवारात सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सुमारास कपाशीवर उघडलेले फूल सकाळी साईसारख्या रंगाचे असते. तेच फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग गळते आणि मागे बोंड राहते. एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात आणि छायाचित्रात ती दोन वेगळी फुले वाटतात. वहीच्या डाव्या पानावर फुलांची जागा दाखवणारे फांदीचे साधे रेखाटन काढले, एकाला दोऱ्याची खूण बांधली आणि उजव्या पानावर तारीख, वेळ, रंग लिहून दुसऱ्या सकाळी त्याच ओळीखाली पुन्हा लिहिले, की रंगाचा तो प्रवास चित्राशी जोडला जातो. त्याच पानावर पात्यांची संख्या आणि वेचणीला आलेल्या बायकांनी त्या रंगबदलाला दिलेले नाव टिपायलाही जागा उरते.