अँटवर्पचा एकोणिसावा धावपटू

शर्यतींच्या इतिहासात पहिल्या तिघांची नावे राहतात आणि चौथ्यापासून विस्मृतीचा प्रांत सुरू होतो. असे असता एकोणिसाव्या क्रमांकाने पोहोचलेल्या एका धावपटूविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस सहज वाटेल. परंतु २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक मॅरेथॉन पुरी करणारे बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे हिंदुस्थानने ऑलिंपिकला धाडलेल्या पहिल्या संघातील धावपटू होत. त्यापूर्वी, १९०० साली, नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसला धावले होते खरे. पण ते एकटेच होते, संघ असा नव्हता.

या संघाचे मूळ पुण्यास आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहताना त्यांना एक नवल दिसले. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक गडी खेड्यांतील शेतकरी होते. पायांत पादत्राण नाही, कोणा शिक्षकाची तालीम नाही. तरीही त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळाच्या जवळपास जाणारा होता. दोराबजींचे शिक्षण केंब्रिजला झालेले. तेथील खेळांची मोजमापे त्यांना ठाऊक होती. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळविले, स्वतःची थैली मोकळी केली आणि संघ उभा राहिला. त्यात चौगुल्यांखेरीज साताऱ्याचे सदाशिव दातार, हुबळीचे कैकाडी, बंगालचे बॅनर्जी आणि नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. शिंदे यांना कुस्तीत चौथे स्थान मिळाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

येथे ‘हौशी’ या शब्दाचा थोडा विचार करणे इष्ट ठरेल. ऑलिंपिकची दारे त्या काळी केवळ हौशी खेळाडूंनाच उघडी होती. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ साली दोन सुवर्णपदके जिंकली. पण पूर्वी बेसबॉल खेळून त्याने किरकोळ मोबदला घेतल्याचे उघडकीस येताच ती काढून घेण्यात आली. या दंडकाचा उगम इंग्लंडातील उमरावी कल्पनेत आहे. हेन्लेच्या नौकाशर्यतींच्या १८७९ च्या नियमांत तर कारागीर अथवा मजूर हा हौशी मानलाच जात नसे. पोटासाठी राबणाऱ्याला हौस कोठून असणार, असा त्यामागील विचार! तो विचार पुण्याच्या मैदानावर अनवाणी शेतकऱ्यांनी मुकाट्याने खोटा ठरविला. त्यांना धावण्याबद्दल कोणी वेतन देत नव्हते आणि दिवसभराचे कष्ट तर चुकत नव्हते. हौस म्हणावयाची ती याहून वेगळी कोणती?

अँटवर्पचा तो दिवस गारठ्याचा आणि पावसाचा होता. थंड हवा मॅरेथॉनला एका परीने उपकारक असते. धावणाऱ्याच्या अंगात उत्पन्न होणारी उष्णता सहज निघून जाते. परंतु गारठ्यास ओल मिळाली की कपडे अंगाला चिकटतात, स्नायू आखडू लागतात आणि शेवटची दहा किलोमीटरे पहिल्या तिसांहून लांब वाटतात. त्यातही हा मार्ग ४२ किलोमीटर ७५० मीटर एवढा होता. आजची ४२ किलोमीटर १९५ मीटरांची मर्यादा पुढच्या वर्षी, १९२१ साली, ठरली. फिनलंडचा हानेस कोलेमाइनन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा लोसमान त्याच्या मागे अवघ्या तेरा सेकंदांवर होता. आमच्या दातारांना शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले. हिशेब केला तर प्रत्येक किलोमीटरास चार मिनिटांहूनही किंचित कमी वेळ पडतो. सह्याद्रीच्या कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेल्या बेळगावी आषाढ-श्रावणात पावसाची झड दिवसचे दिवस उघडत नाही. परक्या मुलुखातील तो गारठा त्यांना अगदीच अनोळखी वाटला नसावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

आज बंगळुरात पौषातल्या गार पहाटे कब्बन उद्यानाच्या रस्त्यांवर शेकडो मंडळी धावताना दिसतात. २००८ पासून येथे दहा किलोमीटरांची मोठी शर्यतही भरते. त्यांत आपल्यासारखे कचेरीतले लोक पुष्कळ. चार मिनिटांत एक किलोमीटर धावून पाहणाऱ्यास, आणि तेच बेचाळीस वेळा करावयाचे आहे हे ध्यानात आणणाऱ्यास, त्या एकोणिसाव्या क्रमांकाचे मोल कोणी सांगावे लागणार नाही. हिंदी धावपटूला ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अकरावा क्रमांक मिळाला तो १९७६ साली, माँट्रियलला, शिवनाथ सिंगांच्या रूपाने. म्हणजे छप्पन्न वर्षांनी.

आता एक प्रश्न उरतो आणि तो आपणां परप्रांतस्थ मराठी जनांच्या मनात येतोच: चौगुले कोणाचे? १९२० साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. दोन्हीकडचे लोक त्यांना आपले म्हणतात. त्यांच्या नावाकडेच पाहावे. फडेप्पा आणि दरेप्पा यांतील ‘अप्पा’ कानडी मातीतला. चौगुला हा जुन्या गावगाड्यात पाटलाचा मदतनीस. हे वतन मराठी गावांतही होते आणि कानडी गावांतही. नावाची अशी वीण उसवून एक धागा या राज्यास आणि दुसरा त्या राज्यास देऊ गेल्यास हाती वस्त्र राहणार नाही. अँटवर्पच्या यादीत त्यांच्या नावापुढे एकच देश लिहिला होता, आणि तोही तेव्हा पारतंत्र्यात होता. सीमेचा निर्णय न्यायासनाने करावा. चौगुल्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांतील शाळांनी त्यांचा धडा आपापल्या मुलांना शिकवावा, म्हणजे पुरे.