वाड्याच्या विक्रीखतावर सही कोणाची?

आपल्यापैकी ज्यांचे बालपण दारव्हा, दिग्रस, पुसद किंवा वणीकडच्या एखाद्या वाड्यात गेले असेल, त्यांना ‘वाडा विकला’ हे शब्द ऐकवत नाहीत. म्हातारी माणसे तर तो शब्द उच्चारतही नाहीत. ‘वाडा दिला’ म्हणतात, फार तर ‘वाडा मोडला’ म्हणतात. पण गोष्ट तीच. मुले पुण्याला, नागपूरला स्थायिक झालेली असतात. बारा-पंधरा खणांच्या घरात दोनच माणसे उरतात. पाऊस आला की माळवद गळते आणि वर चढायला कोणी नसते. मग एक दिवस व्यवहार ठरतो. त्या दिवशी कागदावर सही कोणी करायची, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याला मोठा इतिहास आहे.

आधी वाडा आला कुठून ते पाहू. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. सात समुद्रांपलीकडची लढाई, आणि सुबत्ता आली आपल्या काळ्या मातीला! पडीक रान इजाऱ्याने घेऊन लोकांनी गावे वसवली. काही गावांच्या नावाला ‘इजारा’ हा शब्द अजून चिकटलेला आहे. सागवान तर जिल्ह्याच्या जंगलातच होते. (1905 पर्यंत हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई, बरं का. यवतमाळ हे नाव त्या साली पडले.) पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आली, तीही मुख्यतः कापसासाठीच.

हे सगळे ध्यानात घेतले म्हणजे वाड्याची रचना उलगडते. ढेलजेत गडी-माणसे, ओसरीवर हिशेब, एका दालनात छतापर्यंत कापूस, पेवात ज्वारी, मागे बैलांचा कोठा, आणि या सगळ्यांच्या मधोमध माजघरात बायका. वाडा म्हणजे निम्मे घर आणि निम्मे गोदाम. पुढे 1961 च्या कमाल जमीन धारणेच्या कायद्याने मोठी शेती आटली. 1972 पासून सरकारी एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा कापूस संकलन केंद्रांकडे जाऊ लागला. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. एकेक दालन रिकामे होत गेले आणि शेवटी माणसेच तेवढी उरली. तेव्हा वाडा मुलांनी सोडला म्हणून ओस पडला, हे अर्धेच खरे. ज्या कामासाठी तो बांधला ते काम आधीच निघून गेले होते.

उतारवयात घर सोडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. केस पिकले, अंगावर सुरकुत्या आल्या, नातू पाहिला, की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे, नाही तर बरोबर न्यावे. तिला काय वाटते, हे कोणी विचारल्याचे तिथे दिसत नाही! मात्र त्या व्यवस्थेत घर विकावे लागत नसे. माणूस जाई, घर मुलांकडे राही. आता मुले आधीच गेलेली, आणि घराला मागे कोणी नाही.

सहीकडे वळू. स्वतःच्या कमाईचे घर असेल तर मालकाची सही पुरते. वडिलोपार्जित वाड्याचे तसे नाही. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ सांगते की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच असतो. मग कर्त्याने विकायचे कसे? प्रिव्ही कौन्सिलने 1856 साली निकाल दिला, की कुटुंबाची खरी गरज असेल किंवा मालमत्तेचे हित असेल तर कारभारी माणसाला असा व्यवहार करता येतो. गंमत अशी, की त्या खटल्यातला मूळ कागद एका विधवा आईने आपल्या अज्ञान मुलासाठी करून दिलेला होता. निकाल आईच्या सहीवरून, आणि त्याचा आधार पुढे घेतला घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी.

बायकांच्या वाट्याला काय आले? मुलांची वाटणी झाली तर आईला एक हिस्सा मिळे, पण वाटणी मागण्याचा हक्क तिला नव्हता. 1937 च्या कायद्याने विधवेला वाटा दिला, तोही हयातीपुरता. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने तो पुरा मालकीचा केला. पण त्याच कायद्यात 23 वे कलम होते. राहत्या घराची वाटणी पुरुष वारस करतील तेव्हाच. तोवर बाईने ती मागायची नाही. मुलीला तिथे राहण्याचा हक्क होता, पण ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. नांदत्या लेकीला माहेरचा वाडा पाहुणीसारखाच! महाराष्ट्राने 1994 मध्ये त्या वर्षीच्या 22 जूनपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने बसवले. 2005 मध्ये देशभर सर्वच मुलींना तो हक्क मिळाला आणि 23 वे कलम गेले. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहिल्या.

तरी घरोघर काय चालते ते आपण जाणता. बहिणीला बोलावतात, पानावर वाढतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. ती देतेही. माहेर तुटू नये, भाऊबीजेला दार उघडे राहावे, एवढाच तिचा हिशेब असतो. पण वाडाच विकायचा असेल, तर कोणते दार उघडे ठेवण्यासाठी ती सही करते? माझ्या मते अशा वेळी तिला पैशात वाटा द्यावा, निदान मोकळेपणी विचारावे. पुढचे कज्जेही त्याने टळतात.

आणि म्हातारीला विचारावे. शहरातल्या दोन खोल्यांत जाते मावत नाही, हंडे मावत नाहीत. देव्हारा आणि चार भांडी घेऊन ती निघते. मग निदान नव्या खोल्या तरी दोघांच्या नावावर असाव्यात. पुष्कळ जण विक्रीचे पैसे मुलाच्या घरात घालतात किंवा उरलेले घर बक्षीसपत्राने त्याला देऊन टाकतात. तसे करायचेच असेल तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट कागदात स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, तिथेही योगायोगाने कलम 23 च, अशी सोय आहे, की अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वय साठ पूर्ण असावे लागते.