आशाताई बाळाला बघायला घरी येतात, तेव्हा नेमकं काय तपासतात?

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दोन-तीन दिवसांत आशाताई दारात हजर होतात. पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ. त्या बाळाला उघडं करून बघतात, वजन घेतात, वहीत काहीतरी लिहितात आणि जातात. अनेक घरांत याला नुसती सरकारी नोंद समजतात. 'बाळ छान आहे, आत्ताच झोपलंय, कशाला उठवता?' असं म्हणून ताईंना दारातूनच परत पाठवणारेही कमी नाहीत.

पण नवजात बाळांच्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. इतकं लहान बाळ आजारी पडलं की मोठ्या माणसासारखी लक्षणं दाखवत नाही. खूप जंतुसंसर्ग झाला तरी कधी कधी तापसुद्धा येत नाही. बाळ नुसतं गप्प होतं, दूध कमी पितं. घरच्यांना वाटतं, 'गुणी आहे, अजिबात त्रास देत नाही.' ही भेट असते ती हा फरक ओळखण्यासाठी.

किती भेटी होतात?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त. देशभर ही योजना २०११ मध्ये सुरू झाली.

तिचं मूळ मात्र आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला आणि जंतुसंसर्ग ओळखून घरच्या घरी उपचार करायला शिकवलं. सुरुवातीला या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण २५.५ वर आलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते जवळपास होतं तिथेच राहिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले.

ताई काय काय बघतात?

१. श्वास

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात साधी तपासणी. बाळ शांत असताना पोटावरचं कापड बाजूला करायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते भरभर श्वास घेतं, मध्येच काही सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेच आलं तर धोका. दोन महिने ते एक वर्ष या वयात ही मर्यादा ५० आणि एक ते पाच वर्षांत ४०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही असो, लगेच दवाखाना गाठायचा. रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचे श्वास मोजू नयेत. आकडा चुकतो.

२. तापमान

थर्मामीटर काखेत लावतात. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. ताप आला की आपण घाबरतो, पण अंग गार पडणं तितकंच धोक्याचं आहे. हाताच्या पाठीने घरीही अंदाज घेता येतो. पोट कोमट पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचं. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर असंच छातीशी धरून दवाखान्यात न्यायचं.

३. वजन

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं. दहा टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची असते आणि साधारण दोन आठवड्यांत वजन पुन्हा जन्माइतकं होतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा मागच्या भेटीशी तुलना महत्त्वाची. जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर बाळाला जास्त जपावं लागतं.

४. दूध, नाळ, रंग

बाळ दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं का? पहिला आठवडा सरल्यावर दिवसातून किमान सहा वेळा शू करतं का? नाळेभोवती लाली किंवा पू आहे का? तळहात-तळपाय पिवळे दिसतात का? बाळ बघून झालं की ताई आईलाही विचारतात: ताप, जास्त रक्तस्राव, छातीत गाठ किंवा दुखणं?

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

• बाळाने पिणं सोडलं किंवा ओढण्यात जोर राहिला नाही
• रडणं क्षीण झालं किंवा थांबलं
• हातपाय लुळे पडले, बाळ उठवूनही उठत नाही
• अंग गार लागतं किंवा ताप आहे
• झटके आले
• श्वास भरभर चालतो, छाती आत ओढली जाते
• पोट फुगलं आहे, सारख्या उलट्या होतात
• तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसली

यातलं एकही लक्षण दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ वर फोन करा. आजारी नवजात बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार आणि तिथवरचा प्रवास मोफत आहे.

घरात काय टाळायचं?

नाळेवर हळद, तेल, राख काही लावू नका. ती कोरडी ठेवली की आपोआप गळते. कानात-नाकात तेल घालू नका, डोळ्यांत काजळ नको. पहिली अंघोळ किमान २४ तास पुढे ढकला. मध, गुटी, साखरेचं पाणी नको. सहा महिने फक्त आईचं दूध. घरातल्या आजी प्रेमानेच हे सगळं करतात, त्यामुळे भांडण्यापेक्षा ताईंनाच आजींशी बोलायला सांगा.

४२ दिवसांनंतर?

२०१८ पासून ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही आशाताई घरी येतात. तेव्हा वाढ, लसी आणि वरचं अन्न यांवर भर असतो.

पुढच्या वेळी ताई आल्या की बाळ झोपलेलं असलं तरी त्यांना आत बोलवा. झोपलेल्या बाळाचे श्वास तर सगळ्यात नीट मोजता येतात. ताईंच्या शेजारी बसून तुम्हीही एकदा मोजा. रात्री दोन वाजता शंका आली, तर तेव्हा घड्याळ तुमच्याच हातात असणार आहे.